मार्जिन म्हणजे समास, मग पॅडिंग म्हणजे काय?

परळला संध्याकाळी सात ते नऊ मी वेब डिझाइन शिकवते. निम्मी मुलं मराठी माध्यमातली. वर्गातली भाषा खिचडीच: "हेडर वर चिकटव", "फोटो सेंटरला घे", "मॅडम, साइट बसली!" त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ब्राउझरला 'न्याहाळक' म्हणायला लावलं तर पोरं हसतील, आणि त्यांच्याबरोबर मीही. 'दुवा' लिहायला छान आहे, पण "तुला दुवा पाठवते" म्हटलं की मुंबईत समोरच्याला वाटतं, आशीर्वाद मिळतोय.

गाडी अडते ती मार्जिन आणि पॅडिंगपाशी. मार्जिन चौकटीच्या बाहेर, पॅडिंग आत, मजकुराभोवती. पण दोन्ही म्हणजे रिकामी जागाच, मग दोन शब्द कशाला? त्यात मंगलदास मार्केटमध्ये दुकान असलेल्या घरातला एक जण आहे. मी "मार्जिन शून्य कर" म्हटलं तर म्हणाला, "मॅडम, मग धंदा कशाला करायचा?"

मार्जिनचा प्रश्न सुटला. वहीत डावीकडे लाल रेघ मारून 'समास सोडा' हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. दोन चौकटींत अंतर ठेवायचं तर समास सोडायचा, झालं. पॅडिंगला मात्र 'भरण', 'भराव', 'गादी' सगळं करून पाहिलं. 'भराव' म्हटल्यावर एकाने चौकटीत खरंच काहीतरी भरून आणलं.

शेवटी मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "म्हणजे माया." तिची आई लालबागला घरी शिलाईकाम करते. कपडा बेतताना शिवणीसाठी जे जास्तीचं कापड ठेवतात ती माया. मला हा शब्द फार आवडला, कारण माया त्याच कापडाची असते, रंगही तोच. पॅडिंगचंही तसंच: चौकटीला पिवळा रंग दिला की पॅडिंग पिवळं होतं, समास कोराच राहतो. बटणाच्या पॅडिंगवर बोट पडलं तरी बटण दाबलं जातं, समासावर पडलं तर नाही. विरार फास्टमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मोबाइल चालवणाऱ्याला हा फरक चांगलाच कळतो.

'माया' चालेल का? कुणाला आणखी काही सुचतं का?

प्रतिसाद १

शब्द गोड आहे, पण मी स्वतः शिवते म्हणून बोलते. माया शिवणीच्या पलीकडे असते, अंगाकडून पाहिलं तर बाहेर. तुमचं पॅडिंग बॉर्डरच्या आत. बॉर्डर म्हणजे शिवण धरली तर हिशेब उलटा होतो. त्यापेक्षा तसबीर घ्या. फोटो आणि लाकडी पट्टी यांच्यामध्ये फ्रेमवाले जो पुठ्ठा लावतात, त्याला ते माउंट म्हणतात. जागा अगदी पॅडिंगची.

प्रतिसाद २

माउंटची जागा बरोबर, पण त्याचा रंग वेगळा असतो, म्हणजे मूळ मुद्दाच गेला. शिवाय एक इंग्रजी शब्द काढून दुसरा घातला.

मी मायेच्या बाजूने आहे, ते मापामुळे. शिंपी विचारतो ना, "माप माया धरून सांगताय की वगळून?" सीएसएसमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं हे ज्या भाषेत लिहितात तिच्यात, या एका प्रश्नाने वर्षानुवर्षं डोकं खाल्लंय. १९९६च्या डिसेंबरात सीएसएसचं पहिलं प्रमाण आलं, त्यात रुंदी म्हणजे फक्त आतल्या मजकुराची. म्हणजे रुंदी २०० पिक्सेल, दोन्हीकडे २०-२० पॅडिंग, ५-५ बॉर्डर, की चौकट प्रत्यक्षात भरते २५०. इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मात्र माया धरून मोजायचा, त्याच्याकडे तीच चौकट २०० ची. एकच पान दोन ब्राउझरांत दोन मापांचं! २००१ साली एक्स्प्लोरर ६ आला, तो प्रमाणाप्रमाणे मोजू लागला, तेही पानाच्या डोक्यावर डॉकटाइप, म्हणजे पान कुठल्या प्रमाणाचं ते सांगणारी ओळ, नीट लिहिला असेल तरच. गंमत म्हणजे आज बहुतेक जण पहिल्याच ओळीत 'बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स' लिहून मापात माया धरूनच घेतात. एक्स्प्लोररला तेव्हा आम्ही किती शिव्या घातल्या होत्या!

प्रतिसाद ३

समास हा शब्द घेतलात, बरं वाटलं. आमच्या घरी गिरगावात छापखाना होता. जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर काढला, तेव्हापासून या शहरात देवनागरी खिळ्यांचा बारीक विचार झालेला आहे. तो वेबवाल्यांना ठाऊक नसतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

'लाइन-हाइट'ला आम्ही लेडिंग म्हणायचो, कारण दोन ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालत. रोमन मजकुराला पुरते तेवढी जागा देवनागरीला पुरत नाही. वरच्या ओळीतला 'कू'चा ऊकार खालच्या ओळीतल्या 'र्की'च्या रफाराला जाऊन टेकतो. मुलांना हे दोन शब्द एकाखाली एक लिहून दाखवा, व्याख्या लागणार नाही.

दुसरं 'लेटर-स्पेसिंग', म्हणजे अक्षरांमधलं अंतर. इंग्रजी मथळा ऐसपैस दिसावा म्हणून ते वाढवतात, आणि तीच ओळ मराठी पानालाही लागते. शिरोरेघ तुटते, शब्दाचे तुकडे पडतात. दिसतं कसं, तर दात पडल्यासारखं. माझ्या मते मराठी पानावर ते शून्यच असावं. आणि पानाला भाषा मराठी आहे हे कोडमध्ये लिहायला सांगा. काही फॉन्टांत तेवढ्याने हिंदी वळणाचा ल जाऊन आपला पाकळीचा ल येतो.

मूळ लेखिका

शिवणीची हरकत मान्य. वर्गात मांडली. त्या मुलीचं म्हणणं, "बॉर्डर म्हणजे शिवण नाही, कापडाची कड. कडेपासून आत शिवणीपर्यंत माया, शिवणीच्या आत अंग." म्हणजे अंग हा मजकूर. असं धरलं तर बसतं. आणखी एक पुरावा तिनेच काढला: पॅडिंग उणे देता येत नाही, मार्जिन देता येतं. "माया उणी कशी असेल? मग कापडच नाही."

समासाचीही एक गाठ आहे, ती मात्र वहीने सुटत नाही. वरच्या परिच्छेदाचा खालचा समास ३०, खालच्याचा वरचा २०, तर मध्ये ५० यायला हवेत. येतात ३०. मोठा लहानाला गिळतो. याला 'समास-लोप' म्हटलं तर व्याकरणाचा तास सुरू झाल्यासारखं होतं, म्हणून सध्या नुसतं "समास गिळला" म्हणतो.

लेटर-स्पेसिंगचा प्रयोग केला. दात पडल्यासारखं, शंभर टक्के.

आता नवीन अडचण आउटलाइनची. ती बॉर्डरसारखीच दिसते, पण जागा अजिबात घेत नाही, आजूबाजूचं काही हलत नाही. मुलीची आई म्हणे, "मग ती खडूची रेघ." कापडावर मारली तरी माप बदलत नाही. वहीत तसंच लिहून घेतलंय.