अनुभव धागा: नाव झालं, आतलं काय?

कोल्हापुरात कौतुकाला उशीर लागत नाही. पोरगं पास झालं की चौकात डिजिटल फलक लागतो, गुलाल उडतो. त्याच पोराला महिनोन्महिने झोप नाही, हे शेजारच्या खोलीतही कळत नाही.

मी सीए, ऑफिस शाहूपुरीत. प्रॅक्टिस चांगली चालते. एका वर्षी ३० सप्टेंबरची ऑडिटची मुदत गाठली, ऑफिसातले सगळे मिसळ खायला निघाले आणि मला हसूही येईना, रडूही येईना. वडील त्याच वर्षी गेले होते. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी फायली उघडल्या, तेव्हा ‘खंबीर आहे पोरगी’ म्हणून सगळ्यांनी पाठ थोपटली होती. पुढे थेरपिस्टकडे जायला लागले तरी सुरुवातीचे महिने मी तिला कामाचंच सांगत होते. पेशंट म्हणूनही पहिला नंबर काढायचा होता मला! वडिलांचा विषय निघाला तो बऱ्याच उशिरा. आणि तेव्हाही रडू आलं ते त्यांच्या जाण्याचं नव्हे, तर ९४ टक्क्यांवर ‘उरलेले सहा कुठं गेले?’ विचारायचे त्याचं.

नोकरी सोडली, गावाकडं सेंद्रिय गूळ करायला गेलो आणि शांती मिळाली, असल्या गोष्टी पुष्कळ वाचून झाल्यात. धंदा, नोकरी, खेळ जागच्या जागी ठेवून ज्यांनी आत हात घातला, त्यांनी इथं लिहा. सत्कारांची यादी एका ओळीत आटपा. नाव नको, काम आणि पेठ पुरे.

फौंड्रीवाला, शिरोली एमआयडीसी

लिवा म्हणालाय म्हणून लिवतोय. दोन युनिट, एक्स्पोर्ट, असोसिएशनचा पुरस्कार. झाली यादी.

तावडे हॉटेलजवळ गाडी चालवताना छातीत कळ आली. हात बधिर, घाम, श्वास पुरंना. वाटलं, संपलं आता. दवाखान्यात ईसीजी, रक्त, टूडी इको, सगळं क्लिअर. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत हाय, मानसोपचारवाल्यांना दाखवा. म्हटलं, मी काय खुळा हाय व्हय? बायकोनं ओढून नेलं.

पॅनिक अ‍ॅटॅक निघाला. साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग आपसूक उतरतो, एवढं कळल्यावरच निम्मी भीती गेली. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागले, आधी नुसतं मळमळायचं. बायकोनं जोतिबाला नवस बोलला, आईनं दृष्ट काढली. त्यांना करू दिलं, गोळीबी चुकवली न्हाई.

समुपदेशक बाईंनी विचारलं, २००८ च्या मंदीत भट्टी गार पडली तवा घरी कुणाला बोलला? कुणालाच न्हाई. पगार, बँकेचा हप्ता, सगळं पोटात ठेवलं. आमच्यात कास्टिंग बाहेरनं झकास दिसतं, मशीनला लावलं की आत ब्लोहोल, म्हंजे हवेची पोकळी, घावतो. तसली गत. मग वडलांचं, आबांचं निघालं. साचा वाकडा झाला की सगळ्या कामगारांसमोर कानफटात ठेवून द्यायचे. मी त्याला आजवर शिकवण म्हणायचो. बाईंना सांगताना हात आपोआप गालावर गेला, आणि पन्नाशीतला माणूस मी, हुंदकं दिऊन रडलो.

आबा आता थकल्यात. त्यांच्याशी भांडलो न्हाई, भांडायचंबी न्हाई. पण माझ्या शॉपवर कुणावर हात उगारायचा न्हाई, शिवी द्यायची न्हाई, हे फळ्यावर लिहून टाकलंय. रिजेक्शन वाढंल म्हणून सुपरवायझर घाबरला हुता. उलट आता पोरं चूक लपवत न्हाईत, साचा वतायच्या आधी येऊन सांगत्यात.

माजी नेमबाज, कळंबा

एअर रायफलमध्ये एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ मिळतात, साठ गोळ्यांचे ६५४. १०.३ लागला तरी माझ्या डोक्यात ‘सहा गेले’. (सीए ताई, तुमचे सहा आणि माझे सहा एकाच घरातले दिसतात.) राज्य पातळीवर पदकं होती. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला आपल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ब्राँझ मिळवलं तेव्हा जो भेटेल तो ‘तू का सोडलंस?’ विचारायला लागला. २००८ च्या ऑलिंपिक सुवर्णपदकानंतर मोठी पोकळी आली होती, असं अभिनव बिंद्रा स्वतः जाहीरपणे सांगतो. ते ऐकलं तेव्हा माझ्यासारख्या राज्य पदकवालीला जरा धीर आला. समुपदेशकाच्या सांगण्यावरून मधूनमधून रेंजवर जाते. लक्ष्याचा स्क्रीन बंद, स्कोअर लिहायचा नाही. सुरुवातीला हे इतकं असह्य झालं की मनातल्या मनात अंदाजे आकडे लावत होते. अजूनही कधीकधी लावते.

यशस्वी माणसाची बायको, ताराबाई पार्क

दुसरी बाजू लिहिते. हे आळत्याच्या विपश्यना केंद्रात जाऊन आले. दहा दिवस मोबाईल जमा, मौन, पहाटे चारला उठणं. आल्या संध्याकाळी मला आणि मुलाला समोर बसवून इतक्या वर्षांची माफी मागितली. मुलगा म्हणाला, “बरं बाबा, जेवायचं का?” यांना फार लागलं. पण आम्ही माफ कधी करायचं, त्याचं वेळापत्रकही यांनीच ठरवायचं का? बरं होणं हासुद्धा यांनी प्रोजेक्ट केला होता, मुदतीसकट.

पुढे तिघं मिळून समुपदेशनाला गेलो. तिथं यांना एकच काम दिलं: ऐकायचं, उत्तर द्यायचं नाही. दहा दिवसांच्या मौनापेक्षा हे जड गेलं. आता मुलगा त्यांच्याशी कडाकडा भांडतो. आधी तो भांडतही नव्हता.

माजी पैलवान, गंगावेस

गुडघ्याची लिगामेंट गेली, कुस्ती सुटली. खासबागेत कुस्त्यांचं मैदान असलं की मी गाव सोडून जायचो. लोक अजून पैलवानच म्हणतात, त्याचा त्रास व्हायचा. दारू वाढली तेव्हा वस्तादांसमोर जाऊन रडलो. ते म्हणाले, “सकाळी ये, पोरांचे जोर मोजायला माणूस पाहिजे.” दारूसाठी डॉक्टरची गोळी घेतली तीही त्यांनीच घ्यायला लावली. हरून आलेल्या पोराशी पहिल्या दिवशी मी डावाचं बोलत नाही.

रिक्षावाला, मंगळवार पेठ

सगळं वाचलं. ही पैसेवाल्यांची दुखणी. आमच्यासारख्यानं एका सिटिंगचे हजार रुपये कुठनं आणायचे?

धागाकर्ती

दादा, प्रश्न रास्त आहे. माझी फी मला परवडली म्हणूनच मी इथं लिहायला बसले आहे. जाणकारांनी उत्तर द्यावं.

समुपदेशक, राजारामपुरी

सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. १४४१६ हा टेली मानसचा, मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर २०२२ पासून चालू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आरोग्य विमा असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार शरीराच्या आजाराला जे नियम तेच मनाच्या आजाराला लावावे लागतात. पॉलिसी नीट वाचून घ्या, एजंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

आणखी एक. ‘बर्नआउट’ हल्ली सगळेच म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली ती कामाच्या ताणापुरती. तो आजार धरलेला नाही. पण दोन आठवडे सलग मन उदास, कशात रस नाही, झोप-भूक बिघडलेली, जगणं नको वाटतंय, असं असेल तर तो कामाचा शीण समजून रजेवर भागवू नका. डॉक्टर गाठा.

रिक्षावाला, मंगळवार पेठ

नंबर घेतला. माझ्यासाठी न्हाई, भावासाठी. तो यायचा न्हाई म्हणतोय.

फौंड्रीवाला, शिरोली एमआयडीसी

मीबी न्हाईच म्हणालो हुतो. सीपीआरला सकाळी लवकर जावा, केसपेपरला रांग असते. भावाला म्हणावं, शिरोलीचा एक खुळा गेटवर उभा राहतोय, त्याला बघायला तरी ये.