मदत हवी आहे: रमतगमत सायकल सहलीचा रस्ता कसा आखता?

नमस्कार मंडळी. तीन दिवसांची सायकल सहल ठरवतोय, आडवाटेची गावं, जुने पूल, देवळं बघत. रोज ४०-४५ किलोमीटर, जास्त नको. एखाद्या वास्तूपाशी उतरलो की तास-दीड तास सहज जातो.

मागच्या वेळी ॲपने दाखवलेला ‘जवळचा’ रस्ता म्हणजे नुसती खडी निघाली, आणि माझे टायर अरुंद, २८ मिमी रुंदीचे! मागच्या चाकाची हवा फुस्सकन गेली, ट्यूबला दोन भोकं. आता ३८ मिमीचे बसवलेत, हवाही जरा कमी ठेवतो.

पण कच्चा रस्ता आणि चढ आधीच ओळखायचे कसे? उपग्रह नकाशावर भरवसा ठेवता का? आणि वास्तू बघायला आत जाताना पॅनियर (कॅरियरला अडकवायच्या बॅगा) सायकलवरच सोडता की खांद्यावर वागवता?