घडीची सायकल आणि चिखलदऱ्याचा उतार

भाऊ, घडीची सायकल डिकीत टाकून चिखलदऱ्याला न्यायची अन् दगडी पायवाटेनं खाली यायचं, असं विचारलंय तुम्ही. 20 इंची चाकांवर हे करू नका, कळकळीनं सांगतो. लहान चाक खड्ड्यात जास्त खोल जातं, झटका थेट मनगटात. नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या मुरमाड उतारावर माझ्या सायकलची मधली बिजागरी प्रत्येक ब्रेकला कुरकुरत होती. उतरून हातानं आणली. घडीच हवी तर माँटेग्यू कंपनीच्या पॅराट्रूपरसारखी बघा: चाकं मोठी, अन् फ्रेम सीटच्या नळीभोवती वळते. तीही कच्च्या रस्त्यापुरतीच. खऱ्या डाउनहिल (डोंगरउतारासाठीच्या) सायकलचं सस्पेन्शन, म्हणजे झटका शोषणारी यंत्रणा, 200 मिलिमीटरच्या आसपास दबतं. त्यापेक्षा साध्या एमटीबीची (माउंटन बाइकची) दोन्ही चाकं काढा, मागची सीट आडवी करा. हॅचबॅकमध्ये मावते.