खुनी सापडला तिथेच कादंबरी संपायला हवी होती का?

खाडीकाठ, राजापूर:
शेवट फोडल्याशिवाय हे बोलता येणार नाही, त्यामुळे वाचायची असेल त्यांनी इथेच थांबा.

इंग्रज रहस्यकथाकार डोरोथी एल. सेयर्सची १९३७ची कादंबरी ‘बसमन्स हनिमून’ परवा पुन्हा वाचली. बाहेर पागोळ्या, संध्याकाळपासून लाइट नाही, शेवटची पानं बॅटरीच्या उजेडात. तिचा हौशी गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी आणि हॅरिएट लग्न करून गावच्या घरी येतात, तर तळघरात जुन्या मालकाचं प्रेत. रेडिओचं झाकण उघडलं की साखळीला टांगलेली निवडुंगाची जड कुंडी झोका घेऊन डोक्यात बसेल, अशी सोय माळ्याने केलेली. कोडं सुटतं. पण पीटर त्याच माळ्याला उत्तम वकील देतो, त्याला तुरुंगात भेटायला जातो. माळी त्याला झिडकारतो. सकाळी आठला फाशी. आठचे ठोके पडतात तेव्हा पीटर बायकोच्या कुशीत रडत असतो.

ही पानं नसती तर मी कादंबरी विसरून गेलो असतो.

दापोलीकर:
मला ही पानं नकोशी वाटतात. रहस्यकथा वाचायला घेतो ती कोड्यासाठी. सेयर्सनेच उपशीर्षकात सांगितलंय की ही प्रेमकथा आहे, तपास आपला मध्ये मध्ये येतो. आमच्या घरी बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं हातोहात फिरायची. झुंजारने गुन्हेगार पकडला की पुस्तक मिटायचं, आणि मन भरलेलं असायचं. शिवाय पीटर रडतो तो खुन्यासाठी. तळघरातल्या त्या म्हाताऱ्यासाठी कोण रडलं?

कुडाळची:
माका ह्या पटाक नाय. पीटर काय लगीन झाल्यार हळवो झालो नाय. १९२३च्या पयल्याच पुस्तकात, खुनी कोण ता कळला त्याच रात्री तो लढाईच्या आठवणीन कोसाळता. बंटर, लढाईतलो त्याचो सार्जंट, तेका निजयता.

खाडीकाठ, राजापूर:
अगदी बरोबर. युद्धात याने माणसांना हुकूम दिले आणि ती मेली. आता याच्या बोलण्यावरून परत एक माणूस मरणार. आणि शेजारी कोण? हॅरिएट. १९३०च्या ‘स्ट्राँग पॉयझन’मध्ये ती स्वतः खुनाच्या आरोपाखाली पिंजऱ्यात उभी होती, पीटरने सोडवली नसती तर तिलाच फाशी होती. त्या सकाळी तिला काय वाटलं असेल!

बंदरावरून, मालवण:
माझे वडील एका चोरीच्या खटल्यात पंच होते. सुपारीची पोती, चोरणारा वाडीतलाच मुलगा. साक्ष खरी होती, शिक्षा झाली. कोर्टातून आल्यावर वडिलांनी पाय धुतले, ओटीवर बसले, पानाचा डबा पुढे ओढला. अडकित्त्यात सुपारी धरली आणि तशीच धरून राहिले. आईने जेवायला हाक मारली तर म्हणाले, “तुम्ही बसा.” साक्ष द्यायला नको होती असं ते कधीच म्हणाले नाहीत. पण त्या मुलाची आई भेटली की हे वाट बदलायचे. दापोलीकर, तुमच्या झुंजारच्या पुस्तकात ही ओटी कुठे आहे?

दापोलीकर:
दादा, हे वाचून गप्प बसलो थोडा वेळ. पण तुम्ही सात-आठ ओळींत सांगितलंत. सेयर्सबाईंना खुनी सापडल्यावर तीन प्रकरणं लागली. त्यातलं मधलं तर पीटरच्या घराण्याच्या वाड्याचं, भुतांसकट. दुःख खरं असेल, पण ताणलंय. एवढं म्हणणं मी सोडणार नाही.

खाडीकाठ, राजापूर:
वाड्याचं प्रकरण मीही भराभर उलटलं, ते कापा खुशाल. शेवटचं मात्र नाही. त्यात पीटर गप्प गप्प असतो आणि हॅरिएट त्याच्या मागे जात नाही. तो आपणहून येईल तेव्हाच त्याला जवळ घ्यायचं, हे तिने ठरवलेलं असतं. फाशीच्या पहाटे तो येतो. त्या वाट बघण्यातली कुठली ओळ कमी करायची ते तुम्हीच सांगा.