पहिल्या मजल्यावर २२ हजार पुस्तकं: कॉम्पॅक्टर घ्यावा का? आणि पश्चिमेच्या ओलीचं काय?

परळ_वाचनालय

परळ भागातलं सार्वजनिक वाचनालय आहे. इमारत १९४० च्या आधीची, उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी), आणि आम्ही भाडेकरू. पहिल्या मजल्यावर १४ × ६ मीटरचा हॉल. सागवानी तुळयांवर फळ्या, त्यावर कोबा आणि लादी. हॉलच्या मध्यातून लांबीच्या दिशेने लोखंडी गर्डर गेलाय, त्यामुळे तुळयांचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, दोन्ही बाजूंना साधारण ३ मीटरचा. तळमजल्यावर आमच्याकडे ६ × ४ मीटरची एक खोली आहे, तिथे सध्या बालविभाग आणि मोडकं सामान.

पुस्तकं २२ हजार. त्यातले अडीच हजार खंड म्हणजे बांधीव मासिकं, कोश आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे. स्लॉटेड अँगलचे रॅक गंजलेत, पत्रे मधे वाकलेत. एका पुरवठादाराचं म्हणणं असं की कॉम्पॅक्टर, म्हणजे रुळांवर सरकणारे रॅक, बसवले की सगळी पुस्तकं निम्म्या जागेत मावतील आणि अभ्यासिकेसाठी २० टेबलं लावता येतील. कार्यकारी मंडळाची बैठक पंधरा दिवसांवर आहे.

पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते आणि खालच्या दोन कप्प्यांतल्या पुस्तकांवर बुरशी चढते. मे महिना हातात आहे. आधी काय करावं, आणि कॉम्पॅक्टरला हो म्हणावं का?

गाळा_आणि_तुळई

वरच्या मजल्यावर कॉम्पॅक्टर नको. कारण मंडळासमोर आकड्यांत मांडा, म्हणजे वाद होणार नाही.

पहिल्यांदा वजन करा. साधा वजनकाटा आणा. कथा-कादंबरी, चरित्र, बालसाहित्य, कोश, बांधीव मासिकं अशा पाच ठिकाणांहून प्रत्येकी मीटरभर लांबीची पुस्तकं उचलून तोला. नेहमीच्या डेमी आकाराच्या मराठी पुस्तकांचं वजन मीटरला २२ ते २५ किलो भरतं. कोश आणि बांधीव मासिकं मीटरला ३५ ते ४० किलो, आर्ट पेपर असेल तर त्याहून जास्त.

आता रॅक घ्या. ९० सें.मी. रुंद, दुतर्फा, सहा कप्प्यांचा, म्हणजे एकूण १२ फळ्या. भरलेल्या फळीचे २० किलो धरले तर पुस्तकांचे २४० आणि रॅकचे ६०, एकूण ३०० किलो. रॅकची खोली ४६ सें.मी. आणि पुढची वाट ९० सें.मी. धरली की एका रॅकच्या वाट्याला १.२२ चौ.मी. जागा येते. म्हणजे दर चौ.मी. सुमारे २४५ किलो. बांधीव मासिकांचा तसाच रॅक ४८० किलोचा होतो, म्हणजे दर चौ.मी. ३९० च्या वर.

कॉम्पॅक्टरमध्ये वाटाच नाहीशा होतात, त्याची विक्रीच त्यावर चालते. सहा युनिटांमागे एकच वाट ठेवली तर तीच पुस्तकं दर चौ.मी. ५४५ किलोवर जातात आणि बांधीव मासिकं ८७० च्या आसपास. रूळ आणि खालचा सांगाडा यात धरलेलाच नाही.

भारतीय मानक ८७५, भाग २ मध्ये राहत्या खोल्यांसाठी दर चौ.मी. साधारण २०० किलो भार धरतात. ग्रंथसंग्रहाच्या खोलीसाठी २.२ मीटर उंचीपर्यंत ६०० किलो आणि त्यापुढच्या प्रत्येक मीटरला आणखी २००. तुमची इमारत राहण्यासाठी बांधलेली आहे आणि ती या मानकाच्या कितीतरी आधीची आहे. काळा घोड्याचं डेव्हिड ससून वाचनालय (१८७०) किंवा फोर्टमधलं पेटिट (१८९८) या मुळात वाचनालयासाठीच उभारलेल्या इमारती. ‘तिथे चालतं तर इथे का नाही’ हा मुद्दा बैठकीत निघेल, त्याला हे उत्तर आहे.

थोडक्यात, आजचे साधे सहा कप्पी रॅकसुद्धा तुमच्या मजल्याला जड आहेत. वर पाच कप्प्यांचे रॅक घ्या आणि फळ्या चार पंचमांशच भरा. मग भार १८० च्या आत येतो. तरीही तुळयांची रुंदी, उंची आणि अंतर मोजून अभियंत्याने सही केल्याशिवाय नवीन काही चढवू नका.

रॅकची दिशा बहुतेक ठिकाणी चुकते. रांग तुळईच्या दिशेने लावली तर सगळं ओझं एकदोन तुळयांवर बसतं. रांग तुळयांना आडवी हवी, म्हणजे ओझं आठदहा तुळयांत वाटलं जातं. जड रांगा गर्डरजवळ किंवा भिंतीजवळ ठेवा, गाळ्याच्या मधोमध नको. पण त्याआधी टोकं तपासा. तुळई भिंतीत जिथे शिरते तिथेच ती कुजते, आणि पश्चिमेची भिंत ओली असेल तर संशय तिथेच घ्यायचा. खालून हातोडीने ठोका: भरीव लाकूड टणक वाजतं, पोकळ झालेलं बद्द वाजतं. मग टोच्या घाला. दाबल्याबरोबर सेंटिमीटरभर आत गेला तर ती तुळई निकामी समजायची.

झोळ बघायला सुतळी पुरते. तळमजल्यावरून तुळईच्या दोन टोकांमध्ये ताणून बांधा आणि मधलं अंतर मोजा. ३ मीटरच्या गाळ्यात १२ मि.मी. पेक्षा जास्त झोळ असेल तर तिथली पुस्तकं आजच उतरवा. गर्डरचं बूड भिंतीवर जिथे टेकतं तिथला गंजही खरवडून बघा. रंगाखाली पापुद्रे निघतात.

चुना_आणि_पाणी

भाराचं वरती नीट आलंय. ओलीबद्दल लिहितो.

बुरशी फक्त खालच्या दोन कप्प्यांत आणि फक्त पश्चिमेला आहे, यावरून बरंच कळतं. पहिल्या मजल्यावर जमिनीतली ओल पोहोचत नाही. पाणी बाहेरून येतंय. पावसाळी पाइप, छज्जा आणि भिंतीचा सांधा, खिडकीच्या उंबऱ्याखालची भेग, ही तीन ठिकाणं आधी बघा. पाइपाच्या कोपरावर पिंपळाचं रोप असेल तर मुळासकट काढा. वरून छाटलं तर मूळ भिंतीत जाड होत राहतं आणि भेग वाढते. तपासणी मे महिन्यात रबरी नळी लावून होते: खालून सुरुवात करायची, एका जागी १५–२० मिनिटं पाणी, आत एक माणूस बसवायचा, मग हातभर वर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि गळती कुठली ते कळत नाही.

आतून ‘वॉटरप्रूफ’ रंग किंवा सिमेंटचा गिलावा मारू नका. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. ती ओल शोषते आणि वाळवतेही. आतून तोंड बंद केलं की पाणी भिंतीतच राहतं, वर चढतं, आणि तुळयांची टोकं भिजत ठेवतं. बाहेरून भेगा चुन्याच्या मसाल्याने भरा, आत चुन्याचा गिलावा ठेवा. डेव्हिड ससूनच्या २०२३ मध्ये पुरं झालेल्या जीर्णोद्धारात नंतर घातलेला काँक्रीटचा सपाट स्लॅब काढून उतरतं छप्पर परत बसवलं. मुंबईच्या पावसात उतार किती उपयोगाचा ते तिथे जाऊन बघण्यासारखं आहे.

रॅक पश्चिमेच्या भिंतीपासून किमान १० सें.मी. सुटे ठेवा. पाठीला पत्रा नको, हवा खेळली पाहिजे. खालची फळी जमिनीपासून १५ सें.मी. वर. बंद लोखंडी कपाटं पावसाळ्यात आतून घामेजतात. जाळीची दारं लावा किंवा दारं काढून टाका.

एसी दिवसा आठ तास चालवून रात्री बंद करण्याची पद्धत पुस्तकांना घातक आहे. संध्याकाळी बाहेरची दमट हवा आत येते आणि गार झालेल्या पुठ्ठ्यांवर दव धरतं. चोवीस तास चालवता येत नसेल तर एसी नकोच. समोरासमोरच्या खिडक्या, एक्झॉस्ट आणि पंखे पुरेत. दोनतीनशे रुपयांचा आर्द्रतामापक त्या भिंतीपाशी टांगा. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर सलग राहिली की बुरशी येणार हे धरून चाला.

आत्ता बुरशी आलेली पुस्तकं वेगळ्या खोलीत न्या, पंख्याच्या हवेत पूर्ण वाळवा, मग एन-९५ मास्क लावून मऊ कुंच्याने बाहेरच्या दिशेने झाडा. ओल्या फडक्याने पुसलं तर डाग कागदात मुरतो. पुस्तक भिजलंच तर ४८ तासांत काहीतरी करावं लागतं: उभं करून पानं थोडी पंख्यासारखी उघडा, दर २०–२५ पानांमागे कोरा न्यूजप्रिंट घाला आणि दर काही तासांनी बदला. छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते. कडक ऊनही नको, पुठ्ठे वाकतात. आर्ट पेपर एकदा चिकटून वाळला की सुटत नाही, म्हणून ती पुस्तकं सगळ्यांत आधी हाताळा.

दाखल_नोंदवही

जागेचा खरा तोडगा निर्लेखनात, म्हणजे निरुपयोगी पुस्तकं रीतसर नोंदीतून काढून टाकण्यात आहे, आणि त्यावर अजून कोणी बोललेलं नाही. बावीस हजारांत जादा प्रती, पानं गेलेली पुस्तकं आणि जुनी गाइडं किती आहेत ते शेल्फवर जाऊन मोजा. यादी करा, दाखल क्रमांक लिहा, मंडळाचा ठराव घ्या, दाखल नोंदवहीत लाल शाईने शेरा मारा, मगच पुस्तक बाहेर. ठरावाआधी रद्दीवाला बोलावला की तपासणीच्या वेळी अडचण होते.

एक कळकळीची विनंती. १९३७ पर्यंतचं कोणतंही मराठी पुस्तक शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’त (छापील मराठी पुस्तकांच्या यादीत) ताडून पाहिल्याशिवाय काढू नका. १८६७ पर्यंतचं निघालं तर ते दोलामुद्रित, म्हणजे मराठी छपाईच्या बाल्यावस्थेतलं दुर्मिळ पुस्तक आहे. मुखपृष्ठ नसलं, कसर लागलेली असली, तरी ते वेगळं ठेवा. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात अशा पुस्तकांचा संग्रह आहे, तिथे विचारता येईल.

परवानग्या: इमारत ३० वर्षांच्या वर असल्याने महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब खाली संरचनात्मक तपासणी लागतेच. झालेली असेल तर मालकाकडून अहवालाची प्रत मागा, तुमच्या जागेबद्दल त्यात काय लिहिलंय ते वाचा. उपकरप्राप्त असल्याने तुळया बदलण्याचं काम म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाच्या अखत्यारीत येतं. भाडेकरूने परस्पर तुळई बदलायची नसते. वारसा यादीत इमारत आहे का तेही बघा, असेल तर बाहेरच्या दुरुस्तीला वेगळी परवानगी लागू शकते.

पैशासाठी १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालचे १९७० चे नियम वाचा, त्यात इमारत आणि साधनसामग्रीसाठीचं अनुदान आहे. राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानच्या योजनांमध्ये पुस्तकांबरोबर रॅक-फर्निचरचाही विचार होतो. कोटेशन घेण्याआधी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांशी बोला.

परळ_वाचनालय

सगळ्यांचे मनापासून आभार. सुतळी उद्याच लावतो. मग बांधीव मासिकं तळमजल्यावर नेऊन तिथे कॉम्पॅक्टर घातला तर? आणि अभ्यासिकेला किती जागा उरेल?

गाळा_आणि_तुळई

बांधीव खंड खाली न्याच, पण परळमध्ये तळमजला म्हणजे पाण्याचा विचार आलाच. पावसात पाणी तुंबण्यासाठी ओळखला जाणारा हिंदमाता परिसर जवळ आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मि.मी. पाऊस झाला, त्या दिवशी तुमच्या खोलीत पाणी कुठवर आलं ते जुन्या भाडेकरूंना विचारून भिंतीवर खूण करा. सर्वांत खालची फळी त्या खुणेच्या वर हवी. कॉम्पॅक्टरचे रूळ जमिनीतच असतात, पाणी शिरलं की गाळ अडकतो, चाकं गंजतात आणि रॅक हलतच नाहीत. खाली साधे दुतर्फा रॅकच घ्या. फळीवर वीस खंड धरले तर अडीच हजारांना साडेदहा रॅक, म्हणजे १३ चौ.मी. बालविभागाला ११ उरतात.

वर निर्लेखनात चार हजार गेली असं धरू. उरलेली साडेपंधरा हजार, फळीवर ३२, पाच कप्पी ४९ रॅक, ६० चौ.मी. ८४ मधून २४ उरतात. देवघेवीच्या टेबलाला ८ द्या. एका वाचकाला २.३ चौ.मी. धरले तर सहासात खुर्च्या बसतील. वीस टेबलांचं स्वप्न या मजल्यावर शक्य नाही, मंडळाला स्पष्ट सांगा.

रॅक बदलताना पुस्तकं हॉलच्या मधोमध जमिनीवर रचू नका. मीटरभर उंच गठ्ठे म्हणजे दर चौ.मी. सुमारे ७०० किलो, कुठल्याही साध्या रॅकपेक्षा जास्त. एका वेळी तीनच रॅक रिकामे करा, पुस्तकं थेट खाली न्या, नवे रॅक लागले की परत वर आणा. आणि रॅकची माथी एकमेकांना पट्टीने बांधल्याशिवाय एकही फळी भरू नका.