'प्रिसीड' म्हणजे 'आधी' की 'पुढे'?

शब्दवेडा: सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस मराठीत करतोय. वाक्य आहे, 'द मीटिंग विल बी प्रिसीडेड बाय टी.' आधी सभा की आधी चहा? खाली 'प्रिसीडिंग इयर'चे हिशेब आहेत, तिथे 'मागील वर्ष' चालेल का? समानार्थी शब्दही हवेत.

कानामात्रा: आधी चहा. 'बाय'नंतर जे येतं ते आधी घडतं. 'टी प्रिसीड्स द मीटिंग' असं उलटवून बघा, लगेच कळेल. 'फॉलोड बाय टी' असतं तर सभा आधी.

घोळ आपल्या 'पुढे'मुळेही होतो. रांगेत 'माझ्या पुढचा' म्हणजे आधीचा, पण 'पुढचं पान' म्हणजे नंतरचं! म्हणून जागेबद्दल असेल तर 'पुढे' (मिरवणुकीच्या पुढे बँड), वेळेबद्दल असेल तर 'आधी' किंवा 'पूर्वी'. लॅटिनमधलं मूळ 'आधी जाणे' असंच आहे, त्यामुळे इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द पुरतो.

नोंदवही: 'मागील वर्ष' नको. 'लास्ट इयर' आजपासून मोजतात; 'प्रिसीडिंग इयर' मजकुरात ज्या वर्षाचा उल्लेख आहे तिथून. नोटीस 2026 मध्ये वाचली तरी 2023-24 च्या प्रिसीडिंग इयरचा अर्थ 2022-23 च. 'लगतपूर्वीचे वर्ष' लिहा आणि शेजारी आकडा टाका. 1961 च्या आयकर कायद्यातलं 'प्रीव्हियस इयर' असंच होतं: आकारणी वर्ष 2025-26, तर प्रीव्हियस इयर 2024-25.

'थ्री प्रिसीडिंग इयर्स'मध्ये उल्लेखलेलं वर्ष धरत नाहीत. 2025-26 पासून मोजलं तर 2022-23, 2023-24 आणि 2024-25. बरेच जण इथेच एक वर्ष चुकतात.

कानामात्रा: समानार्थींत सरसकट अदलाबदल करू नका. 'प्रायर' नामाआधी लागतो: प्रायर नोटीस, पूर्वसूचना. 'फॉर्मर' म्हणजे माजी, किंवा दोघांतला पहिला. 'प्रीडेट' वयाबद्दल: देऊळ किल्ल्याहून जुनं आहे. 'अँटिडेट'चा तोही अर्थ आहे, पण कागदपत्रांत बहुधा मागची तारीख टाकणे, तेव्हा जपून. 'प्रिसीडन्स' म्हणजे अग्रक्रम. 'प्रिसीडंट' म्हणजे पायंडा, कोर्टात पूर्वनिर्णय. उच्चार जवळचा म्हणून 'प्रेसिडेंट' टंकलेलं सर्रास दिसतं. आणि 'प्रीपोन' यातला नव्हेच, तो कार्यक्रम अलीकडे आणणे.

स्पेलिंगमध्ये शेवट सी-ई-डी-ई. डबल ई फक्त 'एक्सीड', 'प्रोसीड' आणि 'सक्सीड'मध्ये. 'प्रोसीजर'मध्ये मात्र पुन्हा एकच ई, त्याला इलाज नाही.

शब्दवेडा: मग 'सभेपूर्वी चहापान होईल'?

नोंदवही: बरोबर. पण किती आधी ते 'प्रिसीड' सांगत नाही. 'चहापान 9.30, सभा 10.00' असं लिहा, नाहीतर लोक दहालाच चहाला येतील.