ज्वालामुखीचा कार्बन वेगळा ओळखू येतो
‘एक ज्वालामुखी फुटला की माणसाने शंभर वर्षांत हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडएवढी भर एका दिवसात पडते’ असं कुणीतरी लिहिलंय, ते काही पटलं नाही. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या एक टक्काही भरत नाही. १९९१ साली फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला तेव्हा तर गंधकाच्या धुरक्याने पृथ्वी वर्षभर जवळपास अर्धा अंश थंड झाली होती!

आणि हवेत वाढलेला कार्बन कुठून आला हे कळतं. झाडं हवेतून कार्बनच्या अणूचा हलका प्रकार, कार्बन-१२, जास्त उचलतात; किंचित जड प्रकार, कार्बन-१३, कमी. कोळसा म्हणजे गाडलेली जुनी झाडंच, त्यामुळे तो जाळला की हवेतलं कार्बन-१३ चं प्रमाण उतरतं. मोजमापात ते उतरतंच आहे. ज्वालामुखीचा वायू झाडांतून आलेला नसतो, त्यामुळे त्याने ते असं उतरलं नसतं.